नोकरी गेली व्यापारापायी, मग शिकवायचं कुणी?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. माल अमेरिकेला जातो. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा आमच्या घरात आठवडाभर कुणी धड जेवलं नाही. त्याच सुमारास ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितलं, की अमेरिकेत उलट घडतं : परदेशी मालामुळे कुणाची नोकरी गेली, तर सरकार त्याला घरखर्चाला पैसे देऊन नवं काम शिकवतं. हे खरं आहे का? आणि असं शिकून माणसाला पुन्हा काम मिळतं का?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते साठ वर्षं खरं होतं. १ जुलै २०२२पासून नव्या माणसासाठी ते दार बंद आहे. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, शिकून काम मिळतं का हा, जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

विषय टॉवेलचा निघालाच आहे, तर टॉवेलच्याच गावापासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॅनापोलिस नावाचं गाव आहे. कॅनन नावाच्या गिरणीमालकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वसवलं. गिरणी त्याची, कामगारांची घरं त्याची, रस्तेही त्याचेच. १९८४पर्यंत त्या गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती. अमेरिकेतल्या घराघरांत कॅननचे टॉवेल आणि चादरी असायच्या. आजोबा, वडील, मुलगा असे एकाच गिरणीत पाळ्या करत आलेले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात जसं होतं, तसंच. पुढे गिरणी एका मालकाकडून दुसऱ्याकडे विकली जात गेली, शेवटी पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे आली, आणि ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्सनं सगळंच बंद केलं. एका दिवसात त्या एकट्या राज्यातले सुमारे ४,८०० लोक घरी बसले. राज्याच्या इतिहासात एका दिवसात इतक्या नोकऱ्या तोवर कधी गेल्या नव्हत्या. कंपनी कर्जात बुडालेली होतीच. पण बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडापुढे तिचा टिकाव लागत नव्हता, हेही तितकंच खरं.

अशा माणसांसाठी अमेरिकेत जी योजना होती तिचं नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स; सगळे तिला टीएए म्हणत. १९६२ साली अध्यक्ष केनेडींनी व्यापारविस्ताराचा कायदा आणला, त्यात ती पहिल्यांदा आली. त्यामागचा विचार आपल्या गावकीतल्या न्यायासारखा साधा होता. आयातकर कमी केला तर देशभरातल्या गिऱ्हाइकाला टॉवेल थोडा स्वस्त पडतो. प्रत्येकाच्या पदरात थोडं थोडं पडतं. नुकसान मात्र सगळं एकाच गावावर, एकाच गिरणीवर कोसळतं. निर्णय सगळ्या देशानं घ्यायचा आणि त्याची किंमत चार हजार घरांनी मोजायची, हे बरोबर नाही. तो भार सरकारनंही उचलावा. ही भूमिका मला आजही पटते. केनेडींना त्यातून कामगार संघटनांचा पाठिंबाही हवा होता : तुम्ही खुल्या व्यापाराला विरोध करू नका, तुमचा माणूस पडला तर आम्ही उचलू, असा तो सौदा होता.

सौदा कागदावर चांगला होता. पण १९६२च्या कायद्यात अट अशी घातली होती, की कर कमी केल्यामुळेच आयात वाढली आणि आयात हेच नोकरी जाण्याचं मुख्य कारण, हे सिद्ध झालं पाहिजे. परिणाम? १९६९पर्यंत एकाही कामगाराला एक डॉलरही मिळाला नाही. सात वर्षं! १९७४च्या कायद्यानं अट सैल केली, तेव्हा कुठे खरी मदत सुरू झाली. १९८०च्या सुमारास जपानी मोटारींमुळे डेट्रॉइटचे कामगार घरी बसू लागले आणि योजनेचा खर्च अचानक दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. लगेच पुढच्याच वर्षी रेगन सरकारनं कात्री लावली. रोख मदत घटवली आणि भर प्रशिक्षणावर दिला. १९८८मध्ये तर, थोडे अपवाद सोडले तर, प्रशिक्षण घेतल्याशिवाय रोख मदत नाही असाच नियम झाला. माणसानं काही शिकावं म्हणून मदत द्यायची, की मदत मिळावी म्हणून माणसानं वर्गात बसायचं, ही गल्लत तिथून सुरू झाली असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष मिळायचं काय, ते सांगतो. अर्ज करायला कंपनीची परवानगी लागत नसे. कारखान्यातल्या तीन कामगारांनी सह्या केल्या तरी पुरे. संघटनेनं किंवा मालकानंही अर्ज केलेला चाले. मग केंद्राच्या कामगार खात्याचा तपासनीस चौकशी करायचा : आयात वाढली का, काम परदेशी गेलं का, या कारखान्याच्या मालाची गिऱ्हाइकं बाहेरचा माल घेऊ लागली का. अर्ज मंजूर झाला की त्या कारखान्यातले बाधित कामगार पात्र. त्यांच्या कॉलेजची फी सरकार भरायचं. नेहमीचा बेकारभत्ता संपल्यावर शिक्षण चालू असेतो पुढे भत्ता मिळायचा. दोन्ही मिळून जास्तीत जास्त साधारण १३० आठवडे, म्हणजे अडीच वर्षं. दुसऱ्या गावी नोकरी शोधायला जायचं तर त्याचा खर्च, बिऱ्हाड हलवायचं तर त्याचाही काही वाटा. २००२मध्ये आरोग्यविम्याच्या हप्त्याचे ६५ टक्केही सरकारनं द्यायला घेतले. हे शेवटचं ऐकायला मोठं वाटतं, पण अमेरिकेतला विम्याचा उरलेला ३५ टक्के हप्ताही बेकार माणसाच्या खिशाला झेपत नाही. त्यामुळे ती सवलत बहुतेकांनी घेतलीच नाही.

अडीच वर्षं घर चालवायला पैसे आणि वर फुकट शिक्षण. आपल्याकडच्या कुठल्याही कामगाराला हे स्वप्नच वाटेल. मग अडलं कुठे?

अडलं वर्गाच्या दारात. कॅनापोलिसच्या गिरणीत आत जायला शाळेचा दाखला कधी कुणी विचारला नव्हता. सोळा-सतराव्या वर्षी शाळा सोडून मागावर उभे राहिलेले किती तरी होते. आता पन्नाशीला आलेली ही माणसं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात पोचली तेव्हा त्यांना आधी शालान्त परीक्षेच्या तोडीची परीक्षा द्यायची होती. वीस-तीस वर्षांत पेन हातात धरलेलं नाही, आपल्या मुलाच्या वयाची पोरं शेजारच्या बाकावर. ज्या कसबावर त्यांना गावात मान होता ते कसब कुणी विचारत नव्हतं. सूत तुटलं की नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस बीजगणिताच्या वहीपुढे गप्प बसतो. हे नुकसान कुठल्याच भत्त्याच्या तक्त्यात येत नाही.

टेक्ससमधल्या एल पासो शहरात हे आणखी कठीण झालं. तिथे जीन्स शिवणाऱ्या हजारो बायका होत्या, बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या. मेक्सिकोशी खुला व्यापार १९९४मध्ये सुरू झाला आणि शिलाईचं काम नदीपलीकडे, मेक्सिकोत गेलं. पुनर्प्रशिक्षण म्हणून त्यांच्यापैकी पुष्कळजणींना इंग्रजीच्या वर्गात बसवलं. मुदत संपली तेव्हा इंग्रजी अर्धवट आणि नवं काम कुठलंच हाती नाही, अशी गत झाली. शिलाईच्या कामात ज्यांचे हात यंत्रासारखे चालत, त्यांना त्यांच्याच भाषेत दुसरं काम शिकवता आलं नसतं का? आलं असतं. तिथल्या कामगार बायकांनी संघटित होऊन हेच मागितलं.

त्याशिवाय मुदतींचा जाच होता. काही वर्षं नियम असा होता, की अर्ज मंजूर झाल्यापासून ८ आठवडे किंवा नोकरी सुटल्यापासून १६ आठवडे, यातली जी तारीख नंतर येईल तोवर प्रशिक्षणात नाव घातलं पाहिजे. नाही तर भत्ता गेला. ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, जो रोज सकाळी नव्या नोकरीसाठी रांगेत उभा आहे, त्याला दोन-चार महिन्यांत पुढच्या आयुष्याचा धंदा निवडायचा होता. पुढे ही मुदत २६ आठवड्यांवर नेली.

आणि शिकून काय झालं? कामगार खात्यानं नेमलेल्या अभ्यासकांनी २०१२मध्ये अहवाल दिला. नोकरी गेल्यावर चार वर्षांनी पाहिलं, तर टीएए घेणाऱ्यांची कमाई तशाच इतर बेकारांपेक्षा कमी होती. विरोधकांनी हा अहवाल उचलून धरला. पण त्यातला एक धागा बघायला हवा : जो वर्गात बसला त्यानं तेवढी दोन वर्षं कमावलं नाही, आणि अहवालाचा काळ मोठ्या मंदीत जाऊन अडकला. २०१८मध्ये हायमन नावाच्या अर्थतज्ज्ञानं वेगळी वाट धरली. अर्ज कुठल्या तपासनिसाकडे जाईल हे कामगाराच्या हाती नव्हतं. कुणी तपासनीस सैल, कुणी कडक. म्हणजे तशाच दोन कामगारांतल्या एकाला मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही, ती निव्वळ योगायोगानं. अशा माणसांची तुलना केल्यावर दिसलं, की मदत मिळालेल्याची दहा वर्षांची एकूण कमाई सुमारे ५० हजार डॉलरनं जास्त होती. पण फायदा पहिल्या वर्षांत मोठा आणि दहाव्या वर्षापर्यंत विरत गेलेला. मला हा दुसरा अभ्यास जास्त विश्वासाचा वाटतो. शिकलेलं कामाला येतं, पण ते कायमचं पुरत नाही, कारण शिकवलेलं कामही पुढे बदलतं.

जेन्सव्हिल या विस्कॉन्सिनमधल्या गावाची कहाणीही सांगायला हवी. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना २३ डिसेंबर २००८ला, नाताळच्या दोन दिवस आधी थांबला. ते काम मुख्यतः मंदीनं गेलं, आयातीनं नव्हे. पण पुढचं सगळं तसंच. एमी गोल्डस्टीन या पत्रकार तिथे अनेक वर्षं जात राहिल्या आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. गावच्या तांत्रिक महाविद्यालयात शेकडो कामगार आले, तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आलं की अनेकांना कॉम्प्युटर चालूच करता येत नाही. महाविद्यालयानं मग आधी त्याचे वर्ग घेतले. इतकं करूनही गोल्डस्टीन यांच्या पाहणीत शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांची गाडी लवकर रुळावर आलेली दिसली. गावात नवे कारखानेच आले नव्हते, तर नव्या शिकलेल्याला कामावर घेणार कोण? शिक्षकांनी जीव तोडून शिकवलं, कामगारांनी जीव तोडून अभ्यास केला. त्यांच्यावर बोट ठेवण्याचं मला काहीच कारण दिसत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट चांगली चालली, आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. २००२पासून पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांसाठी वेतनविमा सुरू झाला. जुन्या नोकरीत तुम्हाला महिना समजा ४ हजार डॉलर मिळत होते आणि नवी नोकरी ३ हजारांची मिळाली, तर हजारातले निम्मे सरकार देणार; दोन वर्षं, आणि एकूण १० हजार डॉलरपर्यंत. नवा पगार वर्षाला ५० हजारांच्या आत हवा, अशी अट. यात वर्गात बसायची सक्ती नाही. नव्या जागी काम करता करता माणूस शिकतो. पन्नाशीच्या जरा अलीकडच्या आणि जरा पलीकडच्या कामगारांची तुलना अलीकडे झाली. तीत दिसलं की वेतनविमा मिळालेले लवकर कामाला लागले, पुढच्या वर्षांत त्यांची कमाईही जास्त राहिली, आणि बेकारभत्ता वाचल्यामुळे व कर आल्यामुळे सरकारचा पैसाही परत आला. पन्नाशीच्या माणसाला विद्यार्थी करण्यापेक्षा त्याचा मान राखून त्याला कामावर ठेवणं जास्त उपयोगाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. एवढी साधी सोय सगळ्या वयांना का दिली नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि योजना पोचली किती जणांपर्यंत? चीन २००१मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर ज्या भागांना आयातीचा तडाखा बसला, तिथे डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी पैसा कसा वाढला ते मोजलं. टीएएचा पैसा वाढला तो अगदी किरकोळ. त्याच्या कितीतरी पट वाढला अपंगत्वाच्या पेन्शनचा पैसा. म्हणजे नवं काम शिकण्याऐवजी अनेक माणसं शेवटी अपंगत्वाची पेन्शन घेऊन घरी बसली. कामगार संघटनांतले लोक टीएएला अंत्यविधीचा विमा म्हणत. कडू शब्द आहे, पण तो बोलणाऱ्यांनी गावं मरताना पाहिली होती.

२०२२मध्ये योजना कुणी रद्द केली नाही. संसदेत मुदतवाढ द्यायची होती, ती इतर व्यापारी कायद्यांच्या वाटाघाटीत अडकली आणि राहून गेली. ज्यांचे अर्ज आधी मंजूर झाले होते त्यांची मदत चालू राहिली. नंतर आलेले अर्ज खात्यात पडून राहिले. साठ वर्षांपूर्वीचं वचन असं न बोलता मोडलं.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात हिंजवडीला आयटी कंपनीत आहे. तिच्या पहिल्याच प्रोजेक्टमध्ये अमेरिकेतल्या एका बाईंनी तीन महिने तिला काम समजावून दिलं आणि मग त्या बाईंचीच नोकरी गेली. मुलीला फार वाईट वाटलं. अशा लोकांना ही मदत मिळायची का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मुलीला वाईट वाटलं हे तिच्या चांगल्या मनाचं लक्षण आहे. दुसऱ्याचं काम असं समजावून घेणं, आयटीत ज्याला केटी म्हणतात, ते करताना समोरच्याच्या डोळ्यांत काय आहे हे अनेक मराठी मुलामुलींनी पाहिलं आहे. घरी मात्र त्याविषयी फारसं बोलत नाहीत.

कायदा गिरण्या आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून झालेला. त्यात शब्द होता 'वस्तू'. सॉफ्टवेअर सीडीवर घालून पाठवलं तर वस्तू आणि तारेवरून पाठवलं तर वस्तू नव्हे, अशी कामगार खात्याची भूमिका होती. त्यामुळे प्रोग्रामरांचे अर्ज फेटाळले जात. ते न्यायालयात गेले, न्यायाधीशांनी खात्याला पुनःपुन्हा फटकारलं, आणि २००६मध्ये खात्यानं सॉफ्टवेअरही वस्तूच मानायला सुरुवात केली. २००९च्या दुरुस्तीनं सेवा क्षेत्रातले कामगार उघडपणे आत घेतले आणि काम कुठल्याही देशात गेलेलं चालेल असं म्हटलं. भारत आणि चीनही त्यात आले. म्हणजे २००९नंतर त्या बाईंची नोकरी गेली असेल, तर मदत मिळण्याची चांगली शक्यता होती. मधल्या काळात हे कलम दोनदा गळालं, दोनदा परत आलं, आणि १ जुलै २०२१ला पुन्हा गळालं. नोकरी गेल्यावर अर्ज कुठल्या महिन्यात केला यावर न्याय ठरायचा. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : आमचे वडील गिरणीत होते. आपल्याकडे असं काही होतं का? आज आहे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : मुंबईच्या गिरण्या परदेशी मालामुळे बंद पडल्या नाहीत; १९८२चा संप, जुनी यंत्रं, जमिनीचे भाव ही तिथली कारणं. तरी माणसावर गुदरलं ते तेच. केंद्रानं १९८६मध्ये बंद पडलेल्या खासगी गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला : पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. पगाराच्या मर्यादेपेक्षा जास्त मिळवणारा त्यात बसत नसे. नवं काम शिकवण्याची व्यवस्था त्यात नव्हती. १९९२मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला तो उदारीकरणाची झळ बसणाऱ्यांना नवं काम शिकवण्याचं नाव घेऊन, पण त्यातला बहुतेक पैसा सार्वजनिक उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला.

आजचं सांगायचं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोलापूरच्या भगिनींनीही हे भावाला सांगावं. ईएसआयसीत विमा असलेल्या कामगाराची नोकरी गेली तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत, रोजच्या सरासरी कमाईच्या निम्म्यानं भत्ता मिळायची सोय आहे. ही योजना मुदतवाढीवर चालते, तेव्हा शाखा कार्यालयात आधी चौकशी करा. दुसरी गोष्ट नवी आहे. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात कामगार पुनर्कौशल्य निधी आहे. कामगाराची छाटणी झाली तर मालकानं त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशेबानं १५ दिवसांची रक्कम त्या निधीत भरायची, आणि छाटणीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात यायला हवी. छाटणीची भरपाई आणि ग्रॅच्युइटी वेगळी, ही रक्कम त्यांशिवाय.

पंधरा दिवसांच्या पगारात कुठलं काम शिकून होत नाही, हे खरं. पण हक्क लहान असला तरी मागितल्याशिवाय तोही मिळत नाही. म्हणून सोलापूरच्या भगिनी, तुमच्या भावाला एवढं करायला सांगा : नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि ईएसआयसीचा क्रमांक आजच एका पिशवीत घालून घरी ठेवायचा. कारखान्याला टाळं लागलं की कागदही आतच राहतात.